देवराईचा राखणदार कोण?

(सिंधुदुर्गनगरी-ओरोस येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञान आणि धर्म यांचा संबंध हा महाराष्ट्राच्या विचारविश्वातील जुना वादाचा विषय आहे. गोपाळ गणेश आगरकरांपासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांपर्यंत बुद्धिप्रामाण्याची जी परंपरा येथे निर्माण झाली, तिने धर्माच्या नावावर चालणाऱ्या शोषणाशी झुंज दिली. त्या झुंजीची किंमत किती जबर असते, हे २०१३ साली झालेल्या दाभोलकरांच्या हत्येने दाखवून दिले. तो संघर्ष संपलेला नाही, आणि तो संपला आहे असे भासवून सहकार्याची गोड भाषा बोलण्यात प्रामाणिकपणा नाही. तथापि एक प्रश्न असा आहे की, तो या वादाच्या दोन्ही बाजूंच्या दारात एकाच वेळी येऊन उभा राहिला आहे. ज्या जंगलातून गावाचा झरा वाहतो ते जंगल तुटत असताना आणि ज्या समुद्रावर हजारो कुटुंबे जगतात तो समुद्र रिता होत असताना, श्रद्धाळू माणूस आणि विज्ञाननिष्ठ माणूस एकत्र उभे राहू शकतात काय? राहू शकत असतील, तर कोणत्या अटींवर?

या प्रश्नाचा विचार करण्यास सिंधुदुर्गनगरी हे अत्यंत समर्पक ठिकाण आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा एका अंगाला सह्याद्री आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी आहे. या पट्टीत जे जुने जंगल आज शिल्लक दिसते, त्यातला बराचसा भाग देवाच्या नावाने राखलेला आहे. त्यामुळे येथे हा प्रश्न केवळ पुस्तकी चर्चेचा राहत नाही. प्रत्येक गावाच्या सीमेत त्याचा एक जिवंत दाखला उभा आहे. तो दाखला म्हणजे देवराई.

देवराईचे नियम कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाहीत. राईत कुऱ्हाड चालवायची नाही. वाळून पडलेली फांदीदेखील सरपणासाठी घरी न्यायची नाही. तिथला देव कधी रवळनाथ असतो, कधी पावणाई, तर कधी झाडाखालचा शेंदूर न लागलेला एखादा पाषाण. सातेरीची तर वारुळाच्या रूपात पूजा होते. मातीतून उगवलेल्या आणि क्षुद्र कीटकांनी रचलेल्या आकारात ज्यांनी ग्रामदेवता पाहिली, त्यांना मातीचे मोल वेगळे शिकवण्याची गरज नव्हती. गावात सातबाऱ्यावर कोणाचेही नाव असो, राईच्या हद्दीत शिरल्यावर खोत आणि कूळ या दोघांचेही हात सारखेच बांधलेले असत. ती जमीन कोणी विकू शकत नव्हता, गहाण टाकू शकत नव्हता, की वाटून घेऊ शकत नव्हता. देव हा त्या भूमीचा असा मालक होता की ज्याला पैशाची गरज कधीच पडत नसे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर देवराई ही सामुदायिक मालमत्ता होती, आणि श्रद्धा हे त्या मालमत्तेचे कुंपण होते.

या कुंपणाने नेमके काय राखले, हे विज्ञानाने पुष्कळ उशिरा पाहिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्या वेळी या राया म्हणजे अडाणीपणाचे अवशेष, अशीच सुशिक्षितांची समजूत होती. अभ्यासातून दिसले ते उलट. आसपासच्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या कितीतरी वनस्पती एवढ्याशा तुकड्यांत तग धरून होत्या. जे जंगल एके काळी सर्वत्र होते, त्याचा नमुना या रायांनी जपला होता.

या दोघांच्या कामातील एक घटना आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी काळकाईची राई होती, आणि तिच्यावर वन खात्याची तोडीची खूण पडली होती. भोवतालचे जंगल गेल्यानंतर गावाच्या पाण्याचा आधार म्हणजे त्या राईतून वाहणारा ओहोळ होता. देवरायांत रस असलेले कोणी शास्त्रज्ञ आहेत हे कळताच गावकऱ्यांनी त्यांना साकडे घातले. शास्त्रज्ञांनी खात्याकडे शब्द टाकला आणि राई वाचली. येथे घडले ते असे: काळकाईचा धाक गावाला होता, पण खात्याला नव्हता. खात्याला शास्त्रज्ञाचा शब्द कळत होता, पण तो शब्द टाकण्याची निकड शास्त्रज्ञाला गावाने पटवून दिली. श्रद्धा आणि विज्ञान यांचे सहकार्य म्हणजे काय, याचा अर्थ परिषदांच्या ठरावांपेक्षा या लहानशा घटनेत अधिक स्पष्ट दिसतो.

गावाच्या पाण्याचा आणि राईचा संबंध काय, हेही समजून घेतले पाहिजे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यातल्या वाड्या घागरभर पाण्यासाठी वणवण करतात. उघड्या सड्यावर पडलेले पाणी काही तासांत ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला मिळते. राईत तेच पाणी प्रथम पानांवर, मग पाचोळ्याच्या जाड थरावर पडते, मुळांच्या जाळ्यातून सावकाश मुरते, सच्छिद्र जांभ्यातून खाली उतरते आणि खालच्या चिकण मातीच्या थरावर अडून उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाचोळा उचलायचा नाही हा देवाचा नियम पाणी मुरवण्याचाही नियम ठरतो. ज्यांनी तो घालून दिला त्यांना भूजलशास्त्र ठाऊक नव्हते. राई तुटली की झरा आटतो, एवढे मात्र त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे.

याच जिल्ह्यातली दोन अलीकडची उदाहरणे पाहावीत. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे भालांडेश्वराची राई आहे. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. तिथल्या दलदलीत रानटी जायफळाच्या कुळातले दुर्मीळ वृक्ष उभे आहेत. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीवर येतात. अशा दलदली एरवी दक्षिणेकडे, केरळ-कर्नाटकात आढळतात. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथे अशी एक दलदल आहे, आणि तीही निरंकाराची राई म्हणून राखलेली आहे. महाराष्ट्रात ती असल्याची नोंद संशोधकांनी अगदी अलीकडे केली. दुसरे उदाहरण आंबोलीचे. हिरण्यकेशी नदी जिथे गुहेतून उगम पावते, त्या महादेवाच्या देवळालगतच्या पाण्यात एक बोटभर लांबीचा मासा सापडला. २०२० साली ती विज्ञानाला नवी असलेली जात म्हणून जाहीर झाली आणि तिला नदीचेच नाव मिळाले. २०२१ साली राज्य शासनाने २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ही दोन्ही स्थळे जैवविविधता वारसा स्थळे म्हणून घोषित केली. देवाने राखलेली जागा कायद्याने मान्य केली, आणि त्या दोहोंमधला दुवा संशोधकाच्या नोंदवहीने जोडला.

येथवरची कथा ऐकायला सुखद आहे, आणि म्हणूनच तिच्यावर थांबणे धोक्याचे आहे. देवराया जर श्रद्धेने राखल्या, तर आज श्रद्धा कमी झालेली नसताना त्या का घटत आहेत? जत्रांची गर्दी वाढली आहे. मुंबईकर चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला पूर्वीपेक्षा अधिक संख्येने येतात. देवस्थानांकडे पैसाही अधिक आला आहे. तरीही राई मागे सरकते आहे, आणि तिला मागे सारणाऱ्यांत कित्येक ठिकाणी देवळाचाच वाटा आहे. जुने कौलारू देऊळ पाडून सिमेंट-काँक्रीटचे भव्य मंदिर बांधायचे, त्यापुढे सभामंडप, भक्तनिवास आणि गाड्या लावायला मोकळी जागा करायची, आणि या जीर्णोद्धाराला पैसा कमी पडला तर राईतले चार जुने वृक्ष विकायचे, हा क्रम कोकणाला अपरिचित राहिलेला नाही. ज्या देवाला शतकानुशतके झाडाची सावली पुरली, त्याला आता फरशी हवी आहे असे त्याचे भक्त परस्पर ठरवतात.

यासाठी देवाची परवानगी घेतली जात नाही असे नाही. ती घेतली जाते, आणि तेथेच खरी मेख आहे. पाषाणाला कळ्या लावून कौल घेण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. ज्या काळी गावालाच झाडे तुटायला नको होती, त्या काळी एका नकारावर प्रश्न मिटत असे. आज लाकडाच्या व्यापाऱ्याचा आगाऊ पैसा हातात पडलेला असेल, तर नकारानंतर पुन्हा विचारले जाते, शब्द बदलून विचारले जाते, एका झाडाऐवजी दोन झाडे लावण्याचे कबूल करून विचारले जाते. कळी शेवटी उजवी पडतेच. श्रद्धेचा अपमान करण्यासाठी हे सांगितले जात नाही. देवाचा धाक हा अखेर गावाच्या सामूहिक निश्चयाचा धाक असतो, आणि तो निश्चय पैशाने फोडला की देव एकटा पडतो, एवढेच त्यातून दिसते.

दुसरी गोष्ट समतेची. राईत सर्वांचे हात सारखे बांधलेले होते हे खरे, पण सर्वांचा मान सारखा नव्हता हेही तितकेच खरे. गावऱ्हाटीच्या रचनेत मानकरी ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला, आणि ज्यांना उंबरठ्याबाहेर उभे राहायचे त्यांची जागाही ठरलेली. काही रायांत व देवस्थानांत स्त्रियांना प्रवेश नाही. ज्या स्त्रीच्या डोक्यावर राईच्या झऱ्याचे पाणी येते, तिलाच राईविषयीच्या निर्णयात तोंड उघडण्याचा अधिकार नाही, ही विसंगती परंपरेच्या नावाने झाकता येणार नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. त्या दाराबद्दलही ते परंपरेने बंद आहे असेच सांगितले जात होते. ते उघडले आणि विठ्ठलाचे माहात्म्य कमी झाले नाही. राईचे नियम राखायचे ते झाडांसाठी आणि पाण्यासाठी. माणसांची प्रतवारी करणारे नियम टाकून दिल्याने एकही झरा आटणार नाही.

धर्माला एवढे बोल लावल्यानंतर विज्ञानाला निर्दोष सोडणे अन्यायाचे होईल. गाणीच्या राईवर तोडीची खूण करणारे हात अंधश्रद्धाळू नव्हते. ते शास्त्रीय वनव्यवस्थापनाचे हात होते. मिश्र जंगल तोडून एकाच जातीची लागवड करण्याला याच शास्त्राने उत्पादकता असे नाव दिले. कोकणच्या सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून त्यालाच वनीकरण म्हटले गेले. दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांवर जंगल साफ करून रबराचे मळे उभे राहिले, तेही कृषिविज्ञानाच्या आधारानेच. खाणींसाठी जे अहवाल सादर होतात, त्यांवर सह्या पदवीधरांच्याच असतात. कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि चिखलपाणी शेतांत, बागायतीत, घरांत शिरले. त्या डोंगराचे काय होईल, हे गावातील लोक वर्षानुवर्षे सांगत होते. त्यांच्याजवळ आकडे नव्हते. ज्यांच्याजवळ आकडे होते, त्यांना गाव ऐकायचे नव्हते.

विज्ञानाचा आणखी एक दोष असा की, ते कित्येकदा राखण्यासाठी येते आणि राखणाऱ्यालाच बाहेर काढते. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा प्रवाळ आणि मासे यांची यादी तयार होती, पण त्या पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमाराला विश्वासात घेतले गेले नाही. परिणामी, ज्याला समुद्र राखण्याची सर्वांत अधिक गरज, तोच अभयारण्याचा विरोधक बनला. ज्ञान वरून लादले गेले की ते लोकांना सत्तेचेच एक रूप वाटते, आणि ते वाटणे सर्वस्वी चुकीचे नसते.

मग सहकार्याचा मार्ग कोणता? आजकाल एक सोपा मार्ग सुचवला जातो. प्रत्येक रूढीच्या पोटात विज्ञान होतेच असे सांगायचे आणि दोघांचे लग्न लावून मोकळे व्हायचे. पिंपळ व तुळस रात्रीही प्राणवायू सोडतात म्हणून त्यांची पूजा सांगितली, असे शाळांच्या व्यासपीठांवरून सांगितले जाते. ते खरे नाही. हिरवे झाड प्राणवायू देते ते सूर्यप्रकाशात. अंधारात पिंपळही इतर झाडांप्रमाणे प्राणवायू घेतोच. पिंपळ पूजनीय वाटण्यास त्याची सावली, त्याचे आयुष्य आणि त्यावर जगणारी पाखरे पुरेशी आहेत. खोट्या विज्ञानाचा टेकू दिल्याने श्रद्धा बळकट होत नाही आणि विज्ञान तर बाटतेच. सहकार्याची पहिली अट म्हणूनच अशी की, विज्ञानाने धर्माची खुशामत करू नये आणि धर्माने विज्ञानाचा वेष घेऊ नये. दोघांनी आपापल्या भाषेत खरे बोलावे.

दुसरी अट अशी की, या सहकार्यातला धर्म कोणा एका समाजाच्या मालकीचा असू नये. आचरे गावची गावपळण सर्वश्रुत आहे. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री सारा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो, आणि त्यात हिंदूंबरोबर मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबेही असतात. तीन दिवस चुली विझल्याने हवा किती शुद्ध होते हे मोजून पाहावे लागेल. पण एका मर्यादेसमोर सगळ्या धर्मांची माणसे सारखी वागतात, हे न मोजताही दिसते. १९८६ साली इटलीतील असिसी येथे निसर्गरक्षणासाठी पाच धर्मांचे प्रतिनिधी एकत्र आले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर स्वतंत्र परिपत्रक काढून हवामानशास्त्राचे निष्कर्ष आपल्या अनुयायांपुढे ठेवले. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या चर्चमध्ये जाणारा आणि रवळनाथासमोर नारळ ठेवणारा हे एकाच ओहोळाचे पाणी पितात. देवराईच्या नावाने उद्या कोणी शेजाऱ्याला परका ठरवू लागला, तर तो राई राखत नसून तिच्या आडून दुसरेच काही पेरत आहे, असे ओळखावे.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती समजण्यासाठी डोंगरावरून मालवणच्या किनाऱ्यावर उतरले पाहिजे. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होड्या पाण्यात लोटायच्या नाहीत, हा कोळी-गाबितांचा पूर्वापार नियम. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र हे त्याचे उघड कारण. परंतु हाच काळ अनेक जातींच्या माशांच्या प्रजननाचा असल्याचे मत्स्यशास्त्र सांगते. कायद्यानेही हे मानले. पूर्वी महाराष्ट्रातील पावसाळी मासेमारीबंदीची अखेर ठरवताना १५ ऑगस्टबरोबर नारळी पौर्णिमेचाही उल्लेख असे. सरकारी आदेशात सणाची तिथी आली होती. श्रद्धा, शास्त्र आणि कायदा एका ओळीत उभे असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

आज बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. म्हणजे नारळ पडण्यापूर्वीच यांत्रिक नौका समुद्रात जाऊ शकतात, आणि रापण ओढणारा पारंपरिक मच्छीमार किनाऱ्यावर उभा राहून त्यांचे दिवे पाहतो. पर्ससीनच्या जाळ्यांनी माशांचे थवेच्या थवे उचलले जातात. शासनाने डॉ. सोमवंशी समिती नेमली आणि तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. शास्त्राने आपले काम केले. पारंपरिक मच्छीमाराची श्रद्धाही जागेवर आहे. तरीही मालवणच्या मच्छीमाराला अंमलबजावणीसाठी पुनःपुन्हा रस्त्यावर उतरावे लागते. कारण गस्तीची नौका कोणाकडे असावी, परवाना कोणाला मिळावा आणि दंड कोणाचा माफ व्हावा, हे ठरवणारी सत्ता त्याच्या हाती नाही. श्रद्धा आणि विज्ञान एकत्र आले तरी भांडवलाची शक्ती त्या दोघांना वळसा घालून जाऊ शकते, हा मालवणच्या किनाऱ्याचा धडा आहे.

म्हणून तिसरी अट ही की, या दोघांच्या मधोमध लोकसत्तेची जागा असली पाहिजे. ती जागा कोणती, हेही याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०१० साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ समिती नेमली गेली, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्ग भागातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपण होऊन ठराव केले की, आमचा परिसर संवेदनशील म्हणून घोषित करावा. कोणी लादले नव्हते, अनुदानाचे आमिष नव्हते. २०११ च्या अहवालात त्यांची नोंद झाली. पुढच्या सरकारी मसुद्यांत मात्र दोडामार्ग तालुकाच वगळला गेला आणि प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०१३ साली या पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. जी गोष्ट ग्रामसभेने हात वर करून ठरवली, तिच्यासाठी लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही लोकशाहीची शोकांतिका आहे.

दूर ओरिसात याहून वेगळे घडले. नियमगिरी हा डोंगरिया कंधांचा देव. त्याच्या माथ्यावरचे बॉक्साइट काढायचे की नाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय दिला की, आदिवासींच्या धार्मिक व सामुदायिक हक्कांवर खाणीचा काय परिणाम होतो याचा विचार ग्रामसभांनी करावा. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तेथे देवाचा कौल कळीवर घेतला गेला नाही. तो माणसांनी, उघड्यावर, एकमेकांसमोर बोलून दिला. १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील देववनांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याला अशा वनांची मोजणी व नकाशे करण्यास सांगितले, आणि देशभरातील देववनांसाठी केंद्राने धोरण आखावे अशी शिफारस केली. कायद्याची दिशा अनुकूल होत आहे. तिचा उपयोग करून घेण्याची तयारी गावाने केली पाहिजे.

ही तयारी म्हणजे फार अवघड काही नाही. अनेक देवराया महसुली दप्तरात सरकारच्या किंवा देवस्थानाच्या नावे आहेत. जिल्ह्यातील पुष्कळ देवस्थाने कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. आपल्या राईचा सातबारा कोणाच्या नावे आहे आणि हद्द कुठून कुठवर आहे, हे प्रत्येक ग्रामसभेने प्रथम पाहावे. दुसरे काम नोंदीचे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ती ठेकेदाराकडून भरून न घेता गावाने स्वतः भरावी. गणपतीच्या माटवीला बांधायची कवंडळे आणि कांगले रानात नेमकी कुठे मिळतात, हे ज्या आज्यांना व गुराख्यांना ठाऊक आहे, ते या नोंदवहीचे पहिले शास्त्रज्ञ आहेत. महाविद्यालयातल्या तरुणांनी त्यांच्यासोबत राईत हिंडावे, झाडे मोजावीत, उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्याची धार मोजावी. तिसरे काम देवस्थानाचे. जीर्णोद्धारासाठी राईतले झाड तोडणार नाही, असा ठराव मानकऱ्यांनी स्वतः करावा. आणि चौथे काम सर्वांचे. राईविषयीचा कोणताही निर्णय स्त्रियांच्या आणि मानकऱ्यांत ज्यांना स्थान नाही अशांच्या उपस्थितीशिवाय वैध मानू नये.

सिंधुदुर्गात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. मानकरी देवापुढे गावाचे सुखदुःख मांडतो आणि प्रत्येक वाक्याला भोवतालचा गाव ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतो. एकट्याने घातलेले गाऱ्हाणे पुरे होत नाही, त्याला सगळ्यांचा होकार लागतो. ग्रामसभेचा ठराव याहून निराळा नाही. राई राखण्याचा ठराव ग्रामसभेत हात वर करून व्हावा, त्याची प्रत ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल व्हावी, आणि तोच ठराव जत्रेच्या दिवशी ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाण्यात वाचला जावा. ज्यांचा देवावर विश्वास आहे ते देवाच्या साक्षीने बांधले जातील, आणि ज्यांचा नाही ते शेजाऱ्याच्या साक्षीने.

कोकणात राईला राखणदार असतो अशी समजूत आहे. रात्री तो हद्दीवरून फिरतो, असे म्हणतात. त्याला कोणी पाहिले असो वा नसो, यापुढे ती राखण गावाला जागेपणी, दिवसाढवळ्या आणि एकजुटीने करावी लागणार आहे.